वेगळे ठेवलेले सूत, वेगळे वाहिलेले पाणी : वस्त्रोद्योगातील चक्राकार अर्थव्यवस्थेची व्यवहार्य वाट

चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे एकदा जमिनीतून, पिकातून किंवा तेलविहिरीतून घेतलेला कच्चा माल शक्य तितका काळ वापरात ठेवणारी, एका प्रक्रियेतून उरलेले दुसऱ्या प्रक्रियेत कच्चा माल म्हणून घेणारी आणि कचरा हा उत्पादनाचा अटळ शेवट न मानणारी व्यवस्था होय. वस्त्रोद्योग या व्यवस्थेपासून किती दूर आहे, हे एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातील एका आकड्यावरून कळते : जगभर कपडे तयार करण्यासाठी जितका माल वापरला जातो, त्यातील १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांच्या रूपात परत येतो. यंत्रांचा अभाव हे याचे एक कारण आहे खरे, परंतु मुख्य कारण त्याच्या आधीच घडून गेलेले असते. सूत सुतात, रंग रंगात, क्षार पाण्यात आणि पॉलिएस्टर कापसात असे एकदा मिसळले गेले, की ते पुन्हा वेगळे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त होतो आणि तेथेच त्या मालाचा कचरा होतो. म्हणून इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि सोलापूर यांसारख्या केंद्रांतील लहान व मध्यम उद्योजकांनी पुनर्चक्रीकरणाचे महागडे यंत्र शोधण्याआधी आपल्या आवारात काय काय एकत्र मिसळले जाते, याची पाहणी करावी. प्रस्तुत लेखातील सर्व सूचना या एका भूमिकेवर उभ्या आहेत.

या केंद्रांची घडण लक्षात घेतल्याशिवाय कोणतीही सूचना उपयोगाची ठरत नाही. येथे सूतगिरणी एकाची, सायझिंग दुसऱ्याचे, माग तिसऱ्याचे आणि प्रोसेसिंग चौथ्याचे असते. खर्चीवाला यंत्रमागधारक तर व्यापाऱ्याचे सूत घेऊन पिकाच्या, म्हणजे विणलेल्या बाण्याच्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरीवर कापड विणून देतो. अशा व्यवहारात सूत आणि कापड यांचा मेळ वजनावर घातला जात असल्याने वाया गेलेले सूत हा यंत्रमागधारकाच्या दृष्टीने वादाचा विषय असतो, उत्पन्नाचा नसतो. त्यामुळे पहिले काम कराराचे आहे. घट किती टक्के धरली जाईल, तिच्यापेक्षा कमी घट आली तर वाचलेल्या सुताचा लाभ कोणाला मिळेल आणि निघालेले टाकाऊ सूत कोणाच्या मालकीचे राहील, हे बीम मागावर चढण्याआधी लेखी ठरवावे. ज्याला लाभ नाही तो वर्गीकरणाचे कष्ट घेणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही न्याय्य नाही.

सूतगिरण्यांविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण तेथे हा विचार फार पूर्वीपासून रुजलेला आहे. कोंबिंग यंत्रातून निघणारे आखूड तंतू, ज्यांना कोंबर नॉइल म्हणतात, ते ओपन-एंड सुतासाठी, वैद्यकीय कापसासाठी आणि चलनी नोटांच्या कागदासाठीही विकले जातात. हा माल एका जातीचा, पांढरा आणि स्वच्छ राहतो म्हणूनच त्याला भाव मिळतो. मागाच्या शेडमध्ये नेमके याच्या उलट घडते.

मागावर निघणारे टाकाऊ सूत मुख्यतः तीन ठिकाणांहून येते. बीम संपताना शेवटी उरणारा ताणा हा खळ लावलेला, कडक असतो. कांडीवर किंवा कोनवर उरलेला बाणा खळीविना मऊ असतो. आणि शटललेस मागांवर कापडाच्या कडेला कापली जाणारी खोटी किनार ही तिसरी. धोट्याच्या जुन्या मागावर बाण्याचा धागा कडेला वळून परत येत असल्याने खरी किनार तयार होते, परंतु रॅपिअर मागावर प्रत्येक धागा स्वतंत्रपणे आत येतो, त्याचे टोक काही वेगळ्या धाग्यांत पकडून ठेवावे लागते आणि नंतर ती पट्टी कापून टाकावी लागते. कापडाची रुंदी १६० सेंटीमीटर आणि वाया जाणारी टोके एकूण ८ सेंटीमीटर धरली, तर बाण्याचे सुमारे ५ टक्के सूत कापड न होताच पोत्यात जाते. मागाची नवी पिढी वेगवान आहे म्हणून ती आपोआप काटकसरी ठरत नाही, हे जुने माग मोडीत काढणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे. या टोकांची लांबी मागाच्या जुळणीवर बरीच अवलंबून असते. जॉबरने ती दर आठवड्याला पट्टीने मोजून वहीत लिहावी आणि दोन मागांत फरक आढळला तर जास्त लांबीच्या मागाची जुळणी दुरुस्त करावी. किनार पकडणारे धागे अनेकदा मजबुतीसाठी पॉलिएस्टरचे घेतले जातात, त्यामुळे शुद्ध सुती कापडाची कापलेली पट्टीही मिश्र होऊन बसते. जेथे ताण सोसतो तेथे हे धागे सुतीच घ्यावेत, म्हणजे संपूर्ण पट्टी एकाच तंतूची राहते.

शेडमधील प्रत्यक्ष व्यवस्था अगदी साधी हवी. खळ नसलेले पांढरे सुती, खळ असलेले पांढरे सुती, रंगीत सुती आणि पॉलिएस्टर किंवा मिश्र अशी चार पोती पुरतात. तेलाने माखलेले सूत आणि पुसण्याच्या चिंध्या मात्र या चारांपैकी कशातही जाऊ नयेत, कारण मूठभर तेलकट सूत अख्ख्या पोत्याचा भाव पाडते. झाडलोटीचा कचराही पाचवा आणि वेगळा ठेवावा. पोत्यावर तंतू, काउंट, खळीचा प्रकार आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शिवावी. तंतूविषयी शंका आल्यास चिमट्यात धागा धरून, सुरक्षित जागी, जाळून पाहण्याची जुनी रीत पुरेशी आहे : सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांत भुरभुरणारी करडी राख उरते, तर पॉलिएस्टर आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. मिश्र धाग्यात राखेबरोबर टणक कण राहतात. प्रमाण किती हे या रीतीने कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. इचलकरंजीतील डीकेटीई संस्था किंवा मुंबईतील बीटीआरए यांसारख्या संस्थांकडे अशा चाचण्यांचे ज्ञान उपलब्ध आहे.

सायझिंग हा या साखळीतील सर्वाधिक दुर्लक्षित दुवा आहे. ताण्याला विणताना बळकटी यावी म्हणून लावलेली खळ विणकाम संपताच निरुपयोगी होते आणि प्रोसेसिंगच्या पहिल्याच धुण्यात सांडपाण्यात उतरते. सुती कापडाच्या ओल्या प्रक्रियेतील सांडपाण्याच्या बीओडीचा, म्हणजे त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचा, जवळजवळ निम्मा भार खळ काढण्याच्या टप्प्यातून येतो. स्टार्चची खळ विकराने तोडून काढली जात असल्याने ती परत मिळत नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची खळ मात्र गरम पाण्यात विरघळते आणि सूक्ष्म गाळणपडद्यांतून गाळून पुन्हा वापरता येते. परंतु हे त्याच गिरणीत जमते जिचे सायझिंग आणि प्रोसेसिंग एकाच आवारात आहे. विखुरलेल्या केंद्रांत खळीचे पाणी टँकरने परत नेणे परवडणार नाही, आणि ते परवडेल असे सांगणाऱ्या प्रकल्प अहवालांकडे सावधपणे पाहावे. येथे उपाय वेगळा आहे : प्रत्येक काउंट आणि मागाच्या प्रकारानुसार खळीचे प्रमाण ठरवावे, सर्व बीमना सरसकट जास्तीची खळ देण्याची सवय सोडावी आणि सायझिंगवाल्याने बीमसोबत खळीचे घटक लिहिलेला कागद द्यावा, जो ताग्याबरोबर प्रोसेसिंगवाल्यापर्यंत जाईल. खळ स्टार्चची की पॉलिव्हिनाइलची, हे ठाऊक नसलेला प्रोसेसिंगवाला दोन्हींसाठी रसायने आणि पाणी वापरत राहतो.

प्रोसेसिंगमध्ये चक्राकार विचाराचा खरा कस लागतो, कारण तेथे कापडापेक्षा कितीतरी पट वजनाचे पाणी हाताळले जाते. बहुतेक ठिकाणी रंगाच्या कुंडातील दाट पाणी, मर्सरायझिंगचे कॉस्टिकयुक्त पाणी, शेवटच्या धुण्याचे जवळजवळ स्वच्छ पाणी आणि यंत्र थंड करणारे पूर्ण स्वच्छ पाणी ही चारही एकाच गटारात सोडली जातात आणि मग त्या सगळ्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च केला जातो. गटारे वेगळी करण्याचे काम गवंड्याचे आहे, ते शास्त्रज्ञाचे नाही. थंड करणारे पाणी सरळ टाकीत परत घ्यावे. वाफेचे संघनित पाणी बॉयलरकडे वळवावे, कारण ते गरमही असते आणि मऊही. धुण्याच्या ओळीत स्वच्छ पाणी शेवटच्या कप्प्यात सोडून कापडाच्या उलट दिशेने आधीच्या कप्प्यांकडे वाहू द्यावे, ज्याला प्रतिप्रवाही धुलाई म्हणतात; त्यामुळे तेच पाणी तीन-चार वेळा काम करते. मर्सरायझिंगमध्ये कापडाला २० ते २५ टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यातून नेऊन चमक आणि बळकटी आणली जाते, आणि धुताना उतरलेला पातळ कॉस्टिक बाष्पीभवनाने पुन्हा घट्ट करून त्याच कुंडात वापरता येतो. हे तंत्र जुने, सिद्ध आणि ज्याचा परतावा हिशेबात दिसतो असे आहे. ज्यांच्याकडे रोज मर्सरायझिंग चालते त्यांनी गुंतवणुकीच्या यादीत याला पहिले स्थान द्यावे.

क्षारांचा प्रश्न मात्र गटार बदलून सुटत नाही. सुती कापडासाठी सर्वाधिक वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर चढावेत म्हणून कुंडात लिटरमागे साधारण ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट घालावे लागते. हा क्षार कापडात राहत नाही. तो पूर्णपणे सांडपाण्यात जातो, आणि जैविक प्रक्रिया करणाऱ्या नेहमीच्या संयंत्रातून तो जसाच्या तसा पार होतो. तमिळनाडूतील तिरुपूरने याची मोठी किंमत मोजली. तेथील रंगाई कारखान्यांच्या क्षारयुक्त पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्या काठची शेतजमीन नासली, शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य द्रव विसर्गाची अट न पाळणारे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शून्य द्रव विसर्ग म्हणजे आवाराबाहेर एक थेंबही सांडपाणी न सोडणे. त्यानंतर तेथील सामुदायिक केंद्रांनी रिव्हर्स ऑस्मॉसिसने पाणी आणि बाष्पीभवनाने क्षार वेगळा करून दोन्ही रंगाईत परत वापरण्याची पद्धत बसवली. ही कामगिरी खरोखर मोठी आहे, पण तिच्यासाठी वीज आणि इंधन भरपूर लागते आणि अखेरीस मिश्र क्षार व गाळ उरतोच, ज्याची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रश्न आहे. इचलकरंजीजवळच्या पंचगंगा नदीच्या खोऱ्यात तिरुपूरचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी म्हणून संयंत्राआधी क्षाराचा वापर कमी करावा. हिशेब सोपा आहे : १०० किलो कापडासाठी कापडाच्या आठपट पाणी घेतले, तर ८०० लिटर कुंडात लिटरमागे ६० ग्रॅमने ४८ किलो मीठ पडते, तेच प्रमाण पाचपटीवर आणले, तर ५०० लिटरसाठी ३० किलो पुरते. त्याहून पुढची पायरी म्हणजे कोल्ड पॅड-बॅच पद्धत, जिच्यात कापड रंग व अल्कलीत बुडवून, दाबून, रोलवर गुंडाळून प्लास्टिकने झाकतात आणि काही तास ते रात्रभर सावकाश फिरत ठेवतात. तिला मिठाची गरज नसते आणि रंग चढवण्यासाठी वाफही लागत नाही. सलग लांबीच्या, एकरंगी विणलेल्या कापडासाठी ती उत्तम आहे. लहान लहान लॉट आणि घाईचा माल असेल तर ती जमवणे अवघड जाते, हेही खरे.

कपडे शिवणाऱ्यांकडे कापताना साधारण १० ते २० टक्के कापड कातरणात जाते. मांडणी सुधारून ते कमी करणे हा पहिला उपाय, आणि उरलेले कातरण टेबलावरच थराप्रमाणे वेगळे भरणे हा दुसरा. जमिनीवर पडलेले कातरण नंतर वेचून लावण्यात मजुरीही जाते आणि अचूकताही. रंगनिहाय वेगळे राहिलेले सुती कातरण फाडून पुन्हा तंतू केला, तर त्यातून निघणारे सूत आधीच रंगीत असते, म्हणजे रंगाई, मीठ आणि पाणी हे तिन्ही टळतात. मर्यादा तंतूच्या लांबीची आहे. नव्या कापसाचा तंतू साधारण २७ ते ३० मिलिमीटरचा असतो आणि फाडणाऱ्या यंत्राच्या दात्यांतून जाताना तो तुटून बराच आखूड होतो. म्हणून असे सूत ओपन-एंड पद्धतीने, जाड काउंटचे आणि बहुधा नव्या कापसाची किंवा पॉलिएस्टरची जोड देऊन काढतात. त्यातून तलम शर्टिंगची अपेक्षा करू नये. टॉवेल, चादरी, सतरंज्या, पोछे आणि पिशव्या यांचा बाणा मात्र त्यातून चांगला होतो, आणि या दृष्टीने सोलापूर हे राज्यातील स्वाभाविक ग्राहक-केंद्र ठरू शकते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असल्याने त्या नावाखाली विकायच्या मालात कच्चा माल बदलण्याआधी मानांकनाच्या नोंदणीतील वर्णन तपासावे. इतर मालाला ही अडचण नाही.

रंगनिहाय वर्गीकरणाची ताकद हरियाणातील पानिपतने दाखवली आहे. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचे तंत्र १८१३ मध्ये यॉर्कशायरमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने विकसित केले; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या धंद्याचे जगातील एक मोठे केंद्र पानिपत बनले. परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांची बटणे, चेन आणि अस्तर तेथे स्त्रिया बसून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात आणि त्यातून रंगाईविना घोंगड्या होतात. पुढे स्वस्त आणि मऊ पॉलिएस्टर ब्लँकेटांनी त्या घोंगड्यांचा बाजार बराचसा घेतला आणि अनेक कारखाने स्वतःच पॉलिएस्टरकडे वळले. यातून एक गोष्ट घ्यावी : पुनर्चक्रित मालाला केवळ पर्यावरणाच्या नावावर ग्राहक मिळत नाही, त्याची ऊब, मऊपणा आणि किंमत यांनाही स्पर्धेत उतरावे लागते.

वापरून झालेल्या कपड्यांच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःची परंपरा आहे आणि तिला धोरणात स्थान मिळायला हवे. जुन्या साड्या घेऊन भांडी देणारी बोहारीण आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी गृहिणी या दोघींनी कपड्याचे आयुष्य वाढवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. तंतू फाडण्याआधी कपडा कपडा म्हणून वापरात राहणे केव्हाही अधिक लाभाचे, कारण त्यात कापूस, रंग, शिलाई आणि श्रम असे सर्वच शिल्लक राहते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या गूंज या संस्थेने शहरांतील कापड ग्रामीण कामांशी जोडून हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर साधली. नगरपालिकांनी कापडाचे संकलन ओल्या कचऱ्यापासूनच नव्हे, तर इतर सुक्या कचऱ्यापासूनही वेगळे ठेवावे, आणि ते बोहारणी व कचरावेचकांच्या हातून काढून न घेता त्यांच्यामार्फतच करावे. घराघरांतून धुतलेला, वाळलेला आणि बांधलेला कपडा द्यावा. एक भिजलेले पायपुसणे गाठोड्यातील सर्व कपड्यांना बुरशी लावते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून सदस्य देशांत कापडाचे स्वतंत्र संकलन बंधनकारक केले आहे.

गोळा झालेला कपडा पुन्हा सहज सुटा करता यावा, याची जबाबदारी आरेखनकारापासूनच सुरू होते. शक्य तेथे एकच तंतू वापरावा, सुती कपड्याला सुती दोरा द्यावा आणि चेन व बटणे सहज निघतील अशी शिवावीत. सोयीपुरते मिसळलेले थोडे इलास्टेनही तंतू फाडणाऱ्या यंत्रात अडचण करते; जेथे कपड्याला खरोखर ताण हवा तेथेच ते घ्यावे. प्लास्टिक बाटल्यांपासून केलेल्या पॉलिएस्टर कापडाला चक्राकार म्हणण्याआधी थांबून विचार करावा : बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पण तिचे मिश्र कापड झाले की त्याचा परतीचा मार्ग बहुधा बंद होतो. कापडाचे रासायनिक पुनर्चक्रीकरण, म्हणजे सेल्युलोज विरघळवून नवा तंतू काढणे, हे आशादायक आहे; परंतु जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करणारी स्वीडनमधील रिन्यूसेल ही कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, हे पाहता लहान उद्योजकाने आपला पैसा त्या दिशेने लावण्याची घाई करू नये.

निर्यात करणाऱ्यांना कागदपत्रांची तयारी आतापासून करावी लागेल. युरोपीय संघाचा शाश्वत उत्पादनांसाठीचा नियम जुलै २०२४ मध्ये लागू झाला असून त्यात मालाच्या घटकांची माहिती देणाऱ्या डिजिटल उत्पादन पारपत्राची तरतूद आहे आणि कापड हा त्याच्या प्राधान्याच्या विषयांपैकी एक आहे. ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड या प्रमाणपत्रासाठी मालात किमान २० टक्के, आणि ग्राहकाला दिसणाऱ्या चिन्हासाठी किमान ५० टक्के पुनर्चक्रित घटक लागतो, आणि तो कोठून आला हे प्रत्येक टप्प्यावरील व्यवहाराच्या कागदांनी सिद्ध करावे लागते. पोत्यावर शिवलेली चिठ्ठी ही या साखळीची सुरुवात आहे, म्हणून ती केवळ शिस्तीचा भाग मानू नये. राज्याचे एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८ याच दिशेने जाणारे असल्याने यंत्रमाग संघटनांनी त्याअंतर्गत सामायिक वर्गीकरण शेडची मागणी करावी, कारण २४ मागांच्या एका शेडमधून महिन्याला निघणारा एकाच प्रतीचा माल गाडी भरण्याइतका नसतो, शंभर शेडचा मात्र असतो.

अशा सामायिक शेडचा हिशेब मांडताना वर्गीकरण करणाऱ्यांची मजुरी प्रथम लिहावी. हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात, ते नजरेचे आणि बोटांचे कौशल्य मागते, आणि किलोवर दिलेल्या मजुरीत घाई वाढून माल पुन्हा मिसळतो. त्यामुळे रोजंदारी ठरवून वर्गीकरणाच्या अचूकतेवर वाढावा देणे अधिक योग्य ठरते. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा विकार होतो आणि फाडण्याच्या यंत्राजवळ ही धूळ सर्वाधिक असते. म्हणून धूळ खेचणारी यंत्रणा, नाकातोंडाला नीट बसणारे मुखवटे आणि वर्षातून एकदा श्वासक्षमतेची तपासणी यांचा खर्च प्रकल्पाच्या मूळ भांडवलात धरावा आणि तो भरून निघेल असाच पुनर्चक्रित सुताचा दर खरेदीदाराकडे मागावा.